जुन्या व्हॅनचा पंखा आणि गारवा



शाळांना सुट्ट्या लागल्या की घराघरांत सफरीची बोलणी सुरू होतात. कुणाला बुऱ्हाणपूरला लग्नाला जायचं असतं, कुणाला हैदराबादला लेकीकडे, तर कुणाला नातवंडांना कोकणातला समुद्र दाखवायचा असतो. माणसं दहा, सामान पंधरा जणांचं. मग घरातली किंवा मामूंकडची जुनी ट्रॅव्हलर, तवेरा नाहीतर ओम्नी बाहेर निघते. हल्ली काही घरांनी अशा व्हॅनच्या मागच्या सीट काढून झोपायला फळी, पाण्याची छोटी टाकी आणि छताला पंखाही बसवून घेतला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ‘कॅम्पर व्हॅन’ हा शब्दही आपल्या कानांवरून जाऊ लागला आहे. असा बदल करायचा असेल तर आधी आरटीओची मंजुरी घ्या. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबद्दलची तरतूद आहे. पुढे अपघात झाला आणि विम्याचा प्रश्न आला, की हाच कागद आधी बघितला जातो.

या गाड्या पंधरा-वीस वर्षं जुन्या असतात. इंजिन दणकट असतं, पण पंखा आणि एसी मात्र हमखास दगा देतात. आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे औरंगाबादेत, मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. समृद्धी महामार्गावर तर मैलोन्‌मैल झाडाची सावली मिळत नाही. गाडीत ऐंशी वर्षांची दादी आणि सहा महिन्यांचं बाळ असेल, तर एसी ही चैन राहत नाही. म्हणून या महिन्याच्या सदरात हाच विषय घेतला आहे. तुम्हाला मेकॅनिक बनवायचा आमचा विचार नाही. उस्तादाचं काम उस्तादानंच करावं. पण बिघाड कुठे आहे याचा अंदाज आपल्याला असला, तर बोलणं नेमकं होतं आणि पैसेही वाचतात. घरातल्या बायकांनी तर हे जरूर वाचावं, कारण गॅरेजमध्ये बाईमाणूस एकटी गेली की तिला काही समजावून सांगायचे कष्ट फार कमी लोक घेतात.

पहिला प्रश्न: हवा येत नाही, की गार येत नाही?

हे दोन आजार वेगळे आहेत. ‘एसी चालत नाही’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिक कुठूनही सुरुवात करतो. जाळीतून हवाच येत नसेल तर तो पंख्याचा, म्हणजे ब्लोअरचा बिघाड. हवा जोरात येते पण कोमट लागते, तर तो गारव्याचा बिघाड. ब्लोअरच्या बिघाडात गॅस भरून काही उपयोग नाही आणि गॅस गेलेला असताना नवीन ब्लोअर बसवूनही उपयोग नाही.

गारवा कसा तयार होतो हे समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. खरं तर गारवा तयार होत नाही, उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवली जाते. आपल्या पाणचक्कीच्या मोठ्या हौदाखाली दालन आहे. वर पाणी आणि खाली माणसं. भर उन्हाळ्यात तिथे बरं वाटतं, कारण उष्णता खाली पोहोचण्याआधीच वरचं पाणी ती सोसून घेतं. माठाचंही तसंच आहे. बाहेरचं पाणी सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. गाडीच्या एसीत हे काम गॅस करतो. डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यात गॅस उकळतो आणि गाडीतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर तो गॅस दाबून समोरच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये पाठवतो आणि तिथे ती उष्णता बाहेरच्या हवेला दिली जाते. म्हणजे आत एक पंखा आणि बाहेर एक पंखा, दोन्ही धड असायला हवेत. बाहेरच्या पंख्याकडे मात्र कुणाचं लक्षच नसतं.

हवाच येत नाही तेव्हा

वीज बॅटरीतून निघते आणि फ्यूज, रिले, बटण व रेझिस्टन्स अशा वाटेने मोटरपर्यंत जाते. तिथून बॉडीच्या अर्थमार्गे ती परत येते. या वाटेत कुठेतरी अडलेलं असतं. काही खुणा घरीच ओळखता येतात.

पंखा १, २, ३ नंबरवर बंद आणि फक्त शेवटच्या नंबरवर जोरात चालत असेल, तर बहुतेक वेळा रेझिस्टन्स जळालेला असतो. शेवटच्या नंबरवर वीज रेझिस्टन्सला वगळून थेट मोटरला जाते, म्हणून तो नंबर चालतो. हा भाग मोटरच्या तुलनेत स्वस्त असतो. ‘पूर्ण ब्लोअर बदला’ असं कुणी म्हणालं तर आधी हा तपासायला सांगा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रेझिस्टन्स हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, म्हणजे वारा त्याला थंड ठेवतो. वाट कचऱ्याने चोंदली किंवा मोटर जाम होऊन जास्त वीज ओढू लागली, तर नवा रेझिस्टन्सही दोन महिन्यांत जळेल. म्हणून तो बदलताना मोटर हाताने सहज फिरते का आणि वाट साफ आहे का, हे दोन्ही बघून घ्या.

सगळ्याच नंबरांवर पंखा बंद असेल तर आधी फ्यूज बघा. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा असतो. फ्यूज जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. तो पुन्हा जळाला तर थांबा. मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट होते आहे, असा त्याचा अर्थ. इथे मोठा फ्यूज, तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी लावणं म्हणजे गाडीला आग लावायची तयारी करणं. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो जळला नाही तर वायर जळते, आणि ही वायर डॅशबोर्डच्या आत, प्लास्टिक आणि फोमच्या शेजारून गेलेली असते.

डॅशबोर्डखाली हलकी थाप मारल्यावर पंखा सुरू होत असेल, तर मोटरचे कार्बन झिजले आहेत. थापेवर तो आठवडाभर चालेल, पण ऐन सफरीत बंद पडेल. किरकिर आवाज येत असेल तर बुश कोरडा झालाय किंवा आत सुकलेलं पान अडकलंय. गाडी बरेच दिवस उभी असेल तर उंदराचं घरटंही सापडतं. पंखा चालतो पण मंद चालतो, आणि हेडलाइट लावला की आणखी मंद होतो, तर अर्थची जोडणी गंजली आहे का ते बघायला सांगा. जोडणीचा प्लग हाताला गरम लागत असेल किंवा वितळून पिवळा-काळा पडला असेल, तर तो बदलायलाच हवा. नुसती टेप गुंडाळून भागत नाही.

घरात एक साधा मल्टिमीटर असावा. बॅटरी नीट असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास. इंजिन चालू असूनही साडेबाराच दिसत असतील तर पंख्याला दोष देऊ नका. अल्टरनेटर बॅटरी भरत नाहीये.

एक चकवा आणखी आहे. सुरुवातीला वारा चांगला येतो, तासाभराने कमी-कमी होत बंद पडतो, एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा येतो. हा मोटरचा बिघाड नाही. कूलिंग कॉइलवर बर्फ जमून वाट बंद होते आहे. त्यामागे थर्मोस्टॅट बिघडलेला असतो, गॅस कमी झालेला असतो किंवा कॉइल धुळीने भरलेली असते. अनेक जुन्या व्हॅनमध्ये हवेचा फिल्टर नसतोच, त्यामुळे वर्षानुवर्षांची धूळ थेट कॉइलवर बसते.

हवा येते, पण गार नाही

इंजिन चालू करून एसीचं बटण दाबा आणि कान द्या. बॉनेटकडून ‘टक्’ असा आवाज येतो. तो कॉम्प्रेसरचा क्लच पकडल्याचा आवाज. तो आला नाही तर फ्यूज, रिले, प्रेशर स्विच किंवा क्लचची कॉइल यांतलं काहीतरी बघावं लागेल. गॅस फारच कमी असेल तर प्रेशर स्विच स्वतःहून कॉम्प्रेसर चालू देत नाही. तो कॉम्प्रेसरच्या बचावासाठीच असतो. म्हणून त्या स्विचला वायरने ‘डायरेक्ट’ करून देणाऱ्याला नको म्हणा. गॅसबरोबर तेल फिरतं. गॅस नसेल तर तेलही पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होतो.

क्लच पकडताना किंकाळीसारखा आवाज येत असेल तर बेल्ट ढिला किंवा झिजलेला आहे.

क्लच पकडतो, गॅसही आहे, तरी हवा कोमट लागते, तेव्हा जुन्या गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह जरूर बघायला सांगा. इंजिनचं गरम पाणी हीटरच्या कॉइलमध्ये जाऊ नये म्हणून हा व्हॉल्व्ह असतो. तो अर्धवट उघडा अडकला की एसी हवा गार करतो आणि हीटर तीच पुन्हा गरम करतो. असा बिघाड असताना कितीही गॅस भरला तरी उपयोग होत नाही.

मागच्या दाराचं रबर फाटलेलं असेल किंवा हवेची झडप ‘बाहेरची हवा’वरच अडकली असेल, तरी गारवा टिकत नाही. हे बघायला एक पैसाही लागत नाही.

हायवेवर गार, सिग्नलला गरम

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या जुन्या व्हॅनला हाच आजार होता. गाडी वेगात असली की गारवा, उभी राहिली की भट्टी. एका गॅरेजमध्ये ‘कॉम्प्रेसर गेला, पूर्ण सेट बदलावा लागेल’ असं सांगितलं गेलं. खर्चाचा आकडा ऐकून अम्मींनी आपली हैदराबादची फेरी रद्द करायला सांगितली. तिथे त्यांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती. ‘फोनवर बोलेन, मुलांच्या फीचे पैसे त्यात घालू नका,’ असं त्यांचं म्हणणं होतं.

आम्ही एवढंच विचारलं, की कॉम्प्रेसर गेला असेल तर हायवेवर गारवा येतो कुठून? त्यावर उत्तर मिळालं नाही. म्हणून गाडी दुसरीकडे, एका वयस्क उस्तादाकडे नेली. त्यांनी एसी लावून गाडी उभी ठेवली आणि समोरच्या जाळीमागचा पंखा बघितला. तो फिरतच नव्हता. गाडी पळताना समोरून वारा लागून कंडेन्सर थंड होत होता, उभी राहिली की तो वारा बंद. पंख्याचा रिले बदलला, जाळीत अडकलेले किडे आणि माती साध्या पाण्याने हळू धुऊन काढली आणि त्या संध्याकाळी क्रांती चौकाच्या गर्दीतही गाडी गार राहिली. अम्मी हैदराबादला गेल्या. दोघी बहिणी चार दिवस एकत्र राहिल्या. त्यांच्या वयात अशी फेरी पुढच्या वर्षावर ढकलता येत नसते.

म्हणून ही खूण पाठ करून ठेवा: वेगात गार आणि उभ्याने गरम, तर आधी बाहेरचा पंखा आणि कंडेन्सर. धुताना जोराच्या फवाऱ्याची मशीन वापरू देऊ नका, त्याने जाळीची नाजूक पाती वाकतात आणि हवेची वाट आणखी बंद होते.

‘गॅस कमी झाला’ म्हणजे काय?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. जुन्या गाडीत रबरी नळ्या आणि सीलमधून वर्षानुवर्षं थोडा पाझरतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर सरळसरळ गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे तळाला छिद्र असलेली घागर भरणं.

गळतीची जागा बऱ्याचदा डोळ्यांनी दिसते. गॅसबरोबर तेलही बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटून काळा, ओलसर डाग पडतो. नळ्यांचे जोड, गॅस भरायचे व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरचा पुढचा भाग टॉर्च लावून बघा. उस्तादाला विचारायचे प्रश्न असे:

नायट्रोजनचा दाब देऊन आणि साबणाचं पाणी लावून गळती तपासणार का? गॅस भरण्याआधी किमान अर्धा तास व्हॅक्यूम मारणार का? नळी उघडली असेल तर ड्रायर बदलणार का? गॅस काट्यावर वजन करून भरणार का?

व्हॅक्यूम यासाठी की आतली हवा आणि ओल निघून जावी. ओल राहिली तर ती व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि आतून गंजवतेही. वजन यासाठी की जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा असं नसतं. जास्त भरला तर दाब वाढतो, गारवा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. किती ग्रॅम लागतो ते बॉनेटखालच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं.

गॅस कोणता हेही विचारा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या व्हॅनमध्ये आर-१३४ए असतो. त्याहून जुन्या गाड्यांत आर-१२ असायचा. ओझोनच्या थराला इजा होते म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो जगभर हटवला गेला. दोन्हींचं तेल वेगळं असतं, त्यामुळे मिसळ चालत नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा स्वस्त गॅस भरून देतो असं कुणी म्हटलं तर सरळ नकार द्या. गारवा येईल, पण गळती झाली तर पेटणारा गॅस बंद गाडीत, तुमच्या मुलांच्या समोर साठेल.

आणि एसीच्या नळ्या घरी कधीच उघडू नका. दाबाखालचा गॅस उडाला तर कातडी आणि डोळे गोठून जखम होते.

रात्री गाडीत झोपायचं असेल तर

हा भाग कृपा करून घरातल्या तरुण मुलांना वाचून दाखवा.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. एसीसाठी चालवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो, त्याला उठून दार उघडायचीही संधी मिळत नाही. म्हणून इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपू नका, मग बाहेर कितीही उकडत असो. जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटलेला असेल आणि मागच्या दाराचं रबर गेलेलं असेल तर धोका दुप्पट. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, कॅम्पर गाडीत तो असायलाच हवा.

मग रात्री काय करायचं? साधा हिशोब बघा. घरचा एक टनाचा एसी साधारण हजार वॅट घेतो. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १२०० वॅट-तास वीज असते. साधी बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवली तर लवकर मरते, म्हणजे एसी जेमतेम अर्धा तास चालणार. त्याच बॅटरीवर २० वॅटचा १२ व्होल्टचा पंखा आठ तास चालवला तर जेमतेम १३-१४ अँपिअर-तास खर्च होतात. रात्रीसाठी पंखाच खरा.

छताचा पंखा आतली गरम हवा बाहेर फेकेल असा लावा आणि समोरची एक खिडकी जाळी लावून उघडी ठेवा. वारा उलटा येत असेल तर साध्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते. मात्र नव्या बीएलडीसी पंख्यांत ही चाचणी करू नका, उलट्या वायरींनी त्यातला सर्किट जळू शकतो.

निघण्याआधी आणि वाटेत

निघण्याच्या आठ दिवस आधी एसी अर्धा तास चालवून बघा, आदल्या रात्री नको. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी दोन मिनिटं सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून भपका जाऊ द्या, मग एसी लावा आणि झडप ‘आतली हवा’वर करा. मुक्काम यायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. कॉइल सुकते आणि कुबट वास येत नाही. पायाखाली पाणी साचलं तर घाबरू नका, कॉइलच्या पाण्याची निचरा नळी चोंदली आहे.

कन्नडचा घाट चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करा, खिडक्या उघडा आणि हीटर पूर्ण लावा. उलटं वाटेल, पण हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो. गाडी बाजूला घेतल्यावर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

वाटेत एसी बंदच पडला तर सुती ओढणी किंवा टॉवेल ओला करून मानेवर ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा. मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने ओल्या कपड्याचा चांगला उपयोग होतो. दुपारी बारा ते चार सावलीत थांबा, जेवण आणि नमाज तिथेच उरका आणि ऊन उतरल्यावर निघा. ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून बाळाला किंवा दादीला बंद गाडीत सोडून कुणीही उतरू नये. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकतं. कुणाचं अंग तापलं आहे, बोलणं असंबद्ध होतंय, भोवळ येते आहे असं दिसलं तर सावलीत झोपवा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

हा अंक कापून गाडीच्या कप्प्यात ठेवलात तरी चालेल. गॅरेजमध्ये उभं राहिल्यावर त्यातला एखादा प्रश्न उपयोगी पडला, तर आम्हाला जरूर लिहून कळवा. सफर सुखाची होवो.